गायरानावरचं गोल्फ: जिथे कसलेल्या खेळाडूला जागा आहे आणि 'कच्च्या लिंबा'लाही

लहानपणी गल्लीत क्रिकेट खेळताना प्रत्येक टीममध्ये एक तरी 'कच्चा लिंबू' असायचा. वयाने लहान, बॅट धड उचलता येत नाही, पण हट्ट मात्र खेळायचाच. मग त्याला बॅटिंग मिळायची, फक्त आउट धरायचं नाही. कुणी नियमाचं पुस्तक काढून हे ठरवलेलं नव्हतं. मैदान सगळ्यांचं आहे, तर खेळायलाही सगळ्यांना मिळालं पाहिजे, एवढीच समज त्यामागे होती.

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नेमकं उलटं चित्र येतं. हिरवंगार गवत, टोपी घातलेले साहेब, मागे पिशवी उचलून चालणारा पोरगा आणि गेटवर वॉचमन. आपल्याकडे हे चित्र बऱ्याच अंशी खरंही आहे. पण ज्या गावाला जग गोल्फचं माहेर मानतं, तिथलं मैदान कुणा साहेबाच्या मालकीचं नाही. ते गावाच्या सार्वजनिक जमिनीवर आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर गायरानावर.

गावाचं नाव सेंट अँड्र्यूज. ब्रिटनच्या उत्तरेला स्कॉटलंड आहे, तिथल्या पूर्व किनाऱ्यावरचं हे छोटं शहर. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढंच म्हणा ना. सार्वजनिक गोल्फ मैदान म्हणजे नेमकं काय असतं, आणि त्यात तरबेज खेळाडूपासून पहिल्यांदा काठी हातात धरणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांची सोय कशी लागते, हे या गावाच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

आधी खेळ काय आहे ते बघू

गोल्फ दिसायला सोपा आहे. एक छोटा कडक चेंडू, वेगवेगळ्या लांबीच्या आणि वेगवेगळ्या पात्याच्या काठ्या, आणि लांबवर जमिनीत एक भोक. चेंडू मारत मारत त्या भोकात घालायचा. ज्याला कमी फटके लागले तो जिंकला. काठीला गोल्फच्या भाषेत 'क्लब' म्हणतात, आणि पिशवीत जास्तीत जास्त 14 क्लब ठेवता येतात. भोकाला 'होल' म्हणतात. त्याची रुंदी सव्वाचार इंच, म्हणजे साधारण 11 सेंटिमीटर.

पण 'होल' म्हणजे फक्त ते भोक नव्हे. जिथून पहिला फटका मारायचा त्या जागेपासून भोकापर्यंतचा सगळा पट्टा मिळून एक होल होतं. सुरुवातीच्या जागेला 'टी' म्हणतात. मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याला 'फेअरवे'. बाजूच्या वाढलेल्या गवताला 'रफ'. वाळूच्या खड्ड्यांना 'बंकर'. आणि भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवताला 'ग्रीन'. अशी 18 होल झाली की एक फेरी पूर्ण होते. त्याला साधारण चार तास लागतात आणि सहा-सात किलोमीटर चाल होते.

चांगल्या खेळाडूला एखाद्या होलला किती फटके लागावेत, याचा आकडा ठरलेला असतो. त्याला 'पार' म्हणतात. छोट्या होलला 3, मधल्याला 4, लांबच्या होलला 5. अठरा होलांची बेरीज बहुतेक मैदानांवर 70 ते 72 च्या आसपास येते. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानाचा पार 72 आहे.

जमीन कुणाची?

सेंट अँड्र्यूजची समुद्राकाठची जमीन वाळूची आणि उंचसखल आहे. तिच्यावर खारं वारं सतत वाहतं. नांगर घालून उपयोग नाही, पीक येत नाही. आपल्या सातबाऱ्यावर जिला 'पोटखराबा' म्हणतात, तशातली. अशा किनारी जमिनीला तिकडे 'लिंक्स' म्हणतात. गावकरी तिथे जनावरं चारायचे, कपडे वाळत घालायचे आणि खेळायचे. आज जे बंकर मुद्दाम खणून तयार करतात, त्यातले जुने बंकर वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढरांनी बसून बसून पाडलेल्या खड्ड्यांतून झाले असावेत, असं मानलं जातं.

1552 मध्ये तिथल्या आर्चबिशपला या जमिनीवर ससे पाळण्याची परवानगी देण्यात आली. पण त्याच कागदात गावकऱ्यांचे हक्क नोंदवले गेले: गोल्फ, फुटबॉल आणि नेमबाजी खेळणं, आणि जनावरं चारणं. म्हणजे खेळण्याचा हक्क चराईच्या हक्काशेजारी, एकाच कागदावर. पुढे पावणेपाचशे वर्षं जे झालं त्याचं मूळ या नोंदीत आहे.

हक्क कागदावर असला तरी तो टिकवावा लागतो, हे आपल्याला सांगायला नको. 1797 मध्ये नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिने ही जमीन विकून टाकली. पुढे ती सशांचा धंदा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हातात गेली. सशांनी सगळीकडे बिळं पोखरली, मैदानाची चाळण झाली. गोल्फ खेळणारे चिडले, गावकरी ससे मारायला लागले, प्रकरण कोर्टात गेलं. हा वाद वीस-पंचवीस वर्षं चालला. शेवटी 1821 मध्ये शेजारच्याच एका जमीनदाराने, जेम्स चीप यांनी, जमीन विकत घेतली आणि मैदान वाचलं. ते स्वतः गोल्फ खेळणारे होते.

1893 मध्ये हीच जमीन गावातल्या एका मोठ्या खासगी क्लबने, 'रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लब'ने, विकत घेतली. तेव्हा नगरपालिका पुन्हा जागी झाली. थेट ब्रिटिश संसदेत कायदा करून 1894 मध्ये जमीन परत गावाच्या ताब्यात आली. त्यानंतर कितीतरी वर्षं गावकऱ्यांना खेळायला पैसे पडत नव्हते. ती मोफत सोय 1946 मध्ये संपली.

1974 मध्ये आणखी एक कायदा झाला. त्यानुसार मैदानाची व्यवस्था 'सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट'कडे आली. जमीन सार्वजनिकच राहिली. गावातल्या आणि बाहेरून येणाऱ्या लोकांच्या करमणुकीसाठी खुली जागा म्हणून ती सांभाळायची, असं बंधन कायद्यानेच घातलं. ट्रस्टला मिळणारा पैसा कुणाच्या खिशात जात नाही, तो मैदानांवरच खर्च होतो. तो खासगी क्लब आजही तिथे आहे. त्याची दगडी इमारत पहिल्या टीच्या मागे दिमाखात उभी आहे, टीव्हीवर तीच दिसते. पण मैदान क्लबचं नाही. क्लबच्या सभासदांनाही ट्रस्टच्या नियमांनीच खेळावं लागतं.

सात मैदानं, सात पायऱ्या

आता मुख्य मुद्दा. गावाची जमीन सार्वजनिक आहे म्हणून गेट सताड उघडं ठेवलं आणि 'या, खेळा' म्हटलं, तर काय होईल? नवशिक्या पोरगा आणि कसलेला खेळाडू एकाच ठिकाणी येतील. पोरगा दहा फटक्यांत पन्नास पावलं पुढे जाईल, मागे रांग लागेल, चेंडू कुणाच्या डोक्यात बसेल आणि दुसऱ्या दिवशी भांडण. थोड्या दिवसांत जो दांडगा तोच मैदानावर उरेल. आपल्याकडच्या कितीतरी मैदानांवर हेच होतं. संध्याकाळी मोठ्या पोरांची टीम आली की लहानगे आणि मुली गुपचूप कडेला जातात.

सेंट अँड्र्यूजने यावर काढलेला मार्ग असा की, एकच मैदान न ठेवता वेगवेगळ्या कुवतीची मैदानं हळूहळू वाढवत नेली. आज ट्रस्टकडे सात आहेत, आणि सातही सार्वजनिक.

बॅलगोव्ह: नऊच होलांचं, छोटं आणि सोपं मैदान. लहान मुलं, नवशिके, नातवाला घेऊन आलेले आजोबा यांच्यासाठी. इथे कुणी तुमचा दाखला मागत नाही. दोनअडीच तासांच्या आत फेरी आटोपते. खर्चही बाकीच्यांच्या मानाने फार कमी.

स्ट्रॅथटायरम: 1993 मध्ये सुरू झालं. अठरा होल पूर्ण, पण लांबी कमी आणि बंकरही मोजकेच. बॅलगोव्हवर हात बसला की पुढची पायरी ही. ज्येष्ठ खेळाडूंनाही हे बरं पडतं.

ईडन: 1914 चं. मध्यम ताकदीच्या खेळाडूला आवडेल असं. इथे नेम जास्त लागतो, जोर कमी.

न्यू: नाव 'नवं' असलं तरी उद्घाटन 1895 चं! जुन्या मैदानावर गर्दी मावेना, म्हणून हे बांधलं. गावातल्या अनेक जाणत्या खेळाडूंना हेच जास्त आवडतं.

ज्युबिली: याची गोष्ट गमतीची आहे. 1897 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून हे नाव पडलं. सुरुवातीला बाराच होल होती आणि ते स्त्रियांसाठी आणि नवशिक्यांसाठी होतं. पुढे वाढवत वाढवत त्याचं असं रूप झालं की आज ते तिथल्या सगळ्यात अवघड मैदानांपैकी एक गणलं जातं.

कॅसल: 2008 मध्ये गावाबाहेर समुद्राच्या कड्यावर बांधलेलं. बाहेरून येणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की जुन्या जागेत मावेना.

ओल्ड कोर्स: हे मूळ मैदान, जगभरातल्या गोल्फ खेळाडूंची पंढरी. इथे यायचं तर 'हँडिकॅप'चा दाखला लागतो. हँडिकॅप म्हणजे काय, ते पुढे सांगतो.

या सगळ्याला जोडून शिकण्यासाठी अकादमी आणि ड्रायव्हिंग रेंज आहे. रेंज म्हणजे एका जागी उभं राहून चेंडू मारत राहण्याची जागा. होल नाहीत, रांग नाही, मागून कुणी 'चला चला' म्हणत नाही. शंभर चेंडू घ्या, शंभर वेळा चुका. ज्याला लोकांपुढे चुकायची लाज वाटते, त्याच्यासाठी ही सगळ्यात मोलाची सोय.

यातून एक गोष्ट लक्षात येते. 'सगळ्यांना जागा' याचा अर्थ 'सगळ्यांना एकाच जागी' असा नाही. प्रत्येकाला त्याच्या कुवतीची जागा हवी, आणि तिथून वरच्या पायरीवर जायची वाटही मोकळी हवी.

बायकांनी मिळवलेला 'हिमालय'

ओल्ड कोर्सला लागूनच गवताचा एक उंचवट्या-खळग्यांचा तुकडा आहे. त्याला लोक 'हिमालय' म्हणतात. आपला हिमालय आभाळाला टेकतो, हा गुडघ्या-कमरेएवढा. पण नाव तेच.

एकोणिसाव्या शतकात बाईमाणसाने हात खांद्याच्या वर नेऊन काठी फिरवणं असभ्य समजलं जायचं. मोठ्या मैदानावर त्यांना वावच नव्हता. मग 1867 मध्ये गावातल्या स्त्रियांनी स्वतःचा पटिंग क्लब काढला. पटिंग म्हणजे जवळून, जमिनीलगत चेंडू ढकलून भोकात घालणं. त्यात हात वर न्यावाच लागत नाही, त्यामुळे नावं ठेवायलाही जागा उरली नाही!

तो क्लब आजही आहे, आणि त्याच्या वेळा सोडून 'हिमालय' सगळ्यांसाठी खुला असतो. काही पौंड द्या, काठी आणि चेंडू तिथेच मिळतो. पाच वर्षांचं पोर आणि पंचाहत्तरीची आजी एकत्र खेळू शकतात, कारण इथे ताकदीचं काम नाही. उतार कसा आहे, चेंडू किती वळेल, एवढंच ओळखायचं. आजी जिंकण्याची शक्यता चांगलीच असते.

आणि त्या दगडी इमारतीतला मोठा क्लब? त्याने स्त्रियांना सभासद करून घ्यायचा निर्णय घेतला तो सप्टेंबर 2014 मध्ये. बायकांचा क्लब निघाल्यानंतर तब्बल 147 वर्षांनी. सार्वजनिक जागा आणि खासगी क्लब यातला फरक यापेक्षा वेगळा काय सांगायचा?

हँडिकॅप: तोल सांभाळणारी युक्ती

कुस्तीत वजनगट असतात. 57 किलोचा पैलवान 97 किलोच्या पैलवानापुढे उभा करत नाहीत. गोल्फमध्ये याच्या उलट युक्ती आहे. गट वेगळे करायचे नाहीत, कमजोर खेळाडूला आधीच सूट द्यायची. त्या सुटीच्या आकड्याला 'हँडिकॅप' म्हणतात.

उदाहरण घ्या. मैदानाचा पार 72. मुरलेल्या खेळाडूचा हँडिकॅप 4, नवख्याचा 28. मुरलेल्याला 78 फटके लागले, नवख्याला 99. सरळ मोजलं तर नवखा 21 फटक्यांनी मागे. पण सूट वजा करा: 78 मधून 4 गेले, उरले 74. 99 मधून 28 गेले, उरले 71. जिंकला कोण? नवखा!

हा आकडा कुणी अंदाजाने देत नाही. खेळाडूच्या शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी सगळ्यात चांगल्या 8 धरून तो काढतात, आणि मैदान किती अवघड आहे हेही त्यात मोजलं जातं. 2020 पासून जगभर एकच पद्धत लागू झाली. तिच्यात पुरुष असो की स्त्री, जास्तीत जास्त हँडिकॅप 54 आहे. म्हणजे प्रत्येक होलला तीन-तीन फटक्यांची सूट. 'कच्च्या लिंबा'चीच कल्पना, फक्त गणितात बसवलेली. खेळ सुधारला की सूट आपोआप कमी होते.

याचा फायदा असा की बाप-लेक, सासू-सून, साहेब-शिपाई असे कुणीही एकमेकांशी खरी लढत देऊ शकतात. समोरच्याने मुद्दाम हरून दाखवायची गरज नाही.

एकाच होलला चार सुरुवाती

दुसरी युक्ती त्याहून सोपी. प्रत्येक होलला पहिला फटका मारायच्या जागा एकापेक्षा जास्त असतात. वेगवेगळ्या रंगाच्या खुणा लावलेल्या असतात. मागची खूण तगड्यांसाठी, पुढची ज्यांचा फटका लांब जात नाही त्यांच्यासाठी. दोघांचं ग्रीन एकच, भोक एकच, फक्त चालायचं अंतर कमी-जास्त.

जगप्रसिद्ध 'ओपन' स्पर्धा ओल्ड कोर्सवर होते तेव्हा अठरा होलांची लांबी साधारण 7,300 यार्ड धरतात, म्हणजे पावणेसात किलोमीटर. रोजच्या खेळाडूंसाठी खुणा बऱ्याच पुढे असतात. पूर्वी पुढच्या खुणांना सर्रास 'बायकांची टी' म्हणायचे. आता बऱ्याच ठिकाणी तसं म्हणत नाहीत. फटका किती लांब जातो त्यावर खूण निवडायची, बाई की बुवा त्यावर नाही.

सोप्याला वाट, धाडसीला आव्हान

ओल्ड कोर्स कुणा एका माणसाने आखलेला नाही. वारा, वाळू, मेंढरं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारी माणसं यांनी तो घडवला. ओल्ड टॉम मॉरिस यांनी एकोणिसाव्या शतकात त्याची निगा राखली आणि बरीच सुधारणा केली. गोल्फची फेरी 18 होलांची असते तीही इथल्यामुळेच: 1764 पर्यंत इथे फेरी 22 होलांची होती, ती कमी करून 18 केली आणि पुढे जगाने तीच उचलली.

या मैदानाचं शहाणपण असं की प्रत्येक होलला साधारण दोन वाटा आहेत. एक जवळची पण धोक्याची, दुसरी लांबची पण सुखरूप. बहुतेक होलांवर डावीकडून गेलं तर मोकळं रान आहे, चेंडू हरवत नाही. उजवीकडून गेलं तर अंतर आणि कोन चांगला मिळतो, पण काटेरी झुडपं टपून बसलेली. चौदाव्या होलवर 'हेल बंकर' आहे, म्हणजे 'नरकाचा खड्डा'. माणूस उभा राहिला तर बाहेरून दिसणार नाही एवढा खोल. दमदार खेळाडू त्याच्यावरून चेंडू उडवायला बघतो. साधा खेळाडू डावीकडून वळसा घालतो, एक फटका जास्त खर्च करतो आणि हसत पुढे जातो.

शिवाय इथे चेंडू हवेत उडवलाच पाहिजे असं फारसं नाही. जमीन कडक आहे, गवत आखूड आहे. पहिल्या होलवरचा छोटा ओढा सोडला तर बहुतेक ठिकाणी चेंडू घरंगळत नेता येतो. ज्याच्या हातात जोर नाही पण डोकं शाबूत आहे, त्याला हे मैदान मान देतं. 112 बंकर असूनही म्हातारी माणसं इथे आनंदाने खेळतात, ती यामुळेच.

आणि रविवारी? रविवारी ओल्ड कोर्सवर मोठी स्पर्धा नसेल तर खेळ बंद. त्या दिवशी ते मैदान म्हणजे गावची बाग. लोक बाबागाड्या घेऊन फिरतात, कुत्री पळतात, पोरं त्या प्रसिद्ध दगडी पुलावर बसून फोटो काढतात. एरवीसुद्धा पहिल्या आणि अठराव्या होलमधून एक गावरस्ता आडवा जातो. लोक समुद्राकडे जाताना तिथूनच जातात, आणि खेळाडू थांबून वाट देतात. म्हणजे ज्याला गोल्फमध्ये काडीचा रस नाही, त्यालाही या जमिनीवर हक्क आहे.

दिव्यांग खेळाडूंचं काय?

गोल्फमध्ये चेंडू स्थिर असतो. धावावं लागत नाही, समोरचा अंगावर येत नाही. त्यामुळे एरवी ज्यांना मैदानापासून लांब राहावं लागतं, अशा अनेकांना हा खेळ जमतो. 2023 पासून गोल्फच्या मुख्य नियमपुस्तकात 25 क्रमांकाचा नियम खास दिव्यांग खेळाडूंसाठी आहे. दृष्टिहीन खेळाडूला नेम धरून देण्यासाठी सोबती घेता येतो. बंकरमध्ये फटक्याआधी काठी वाळूला टेकवायची इतरांना मनाई असते, दृष्टिहीनाला त्यात सवलत आहे. व्हीलचेअरवरचे, हातपाय गमावलेले, बौद्धिक अडचण असलेले, प्रत्येकासाठी वेगळ्या तरतुदी आहेत.

आपल्याच देशातलं उदाहरण दीक्षा डागरचं. हरियाणाच्या झज्जरची ही मुलगी जन्मापासून ऐकण्याच्या अडचणीसह वाढली. डावखुरी खेळते. कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये 2017 ला रौप्य मिळवलं, 2022 मध्ये ब्राझीलला झालेल्या स्पर्धेत सुवर्ण. मधल्या काळात 2021 मध्ये टोकियोच्या मुख्य ऑलिंपिकमध्येही ती भारताकडून खेळली. त्याच टोकियोत अदिती अशोक पदकाच्या उंबरठ्यावरून चौथी परतली, आणि पहाटे उठून गोल्फ बघणारी माणसं आपल्या देशात पहिल्यांदाच दिसली. अदितीची सुरुवात कशी झाली माहितीये? ती पाच वर्षांची असताना बंगळुरूत आईवडिलांसोबत जेवायला गेली होती. समोर ड्रायव्हिंग रेंज दिसली आणि तिने हट्ट धरला. रेंज आणि पटिंगची जागा म्हणजे खेळाचा उंबरठा. तो ठेंगणा असला तर आत येणाऱ्यांतून कधीतरी एखादी अदिती निघते.

आपल्याकडे आहे का असं मैदान?

थोडं आहे. दिल्लीत लाडो सराय इथे दिल्ली विकास प्राधिकरणाचं कुतुब गोल्फ कोर्स आहे. सरकारी संस्थेने सर्वसामान्यांसाठी बांधलेलं देशातलं पहिलं मैदान म्हणून ते ओळखलं जातं. महाराष्ट्रात नवी मुंबईत खारघरच्या डोंगराच्या कुशीत सिडकोचं मैदान आहे. बाकी बहुतेक मैदानं खासगी क्लबांची किंवा लष्कराची. तिथे गरिबाच्या पोराला एरवी एकच दार उघडं असतं, पिशवी उचलणाऱ्या कॅडीचं. त्या दारातूनही काही जण पुढे आले. दिल्लीचे अली शेर कॅडी होते. 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले. पण अशी उदाहरणं मोजकीच आहेत. दार अरुंद असलं की आत शिरणारे मोजकेच राहतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. टँकरवर जगणाऱ्या तालुक्यात गोल्फचं मैदान बांधा, असं हा लेख म्हणत नाही. सेंट अँड्र्यूजला पावसाचं आणि समुद्राच्या हवेचं देणं आहे. आपल्याकडे तेवढं गवत हिरवं ठेवायला किती पाणी लागेल, याचा विचार आधी करावा लागेल. आणि तिथेही सगळं आलबेल नाही. बाहेरच्या माणसाला हंगामात ओल्ड कोर्सवर एका फेरीला 300 पौंडांच्या वर मोजावे लागतात, म्हणजे आपले 30 हजार रुपये तरी धरा. त्यातही नंबर लागण्यासाठी आधी नाव देऊन सोडतीची वाट बघायची. गावकऱ्यांना मात्र वर्षाचं सवलतीचं तिकीट मिळतं. बाहेरच्यांच्या पैशांवर मैदान चालतं आणि त्याच गर्दीने गावकऱ्यांची वेळ खाल्ली जाते, ही ओढाताण तिथे कायम असते.

मग आपण यातून काय घ्यायचं?

गोल्फ घ्यायलाच पाहिजे असं नाही. मैदानाला विचारायचे प्रश्न मात्र घेता येतील. गावचं मैदान असो, शाळेचं पटांगण असो की तालुका क्रीडा संकुल, सार्वजनिक जागेला हे पाच प्रश्न विचारून बघा.

1. पहिल्यांदा येणाऱ्याला, लोकांपुढे चुकायला जागा आहे का?

2. लहान मुलं, मुली आणि म्हातारी माणसं यांची वेळ ठरलेली आहे, की जो दांडगा त्याचं मैदान?

3. कमजोर खेळाडू तगड्याशी खरी लढत देऊ शकेल, अशी काही सूट आहे का?

4. दिव्यांगाला नुसतं आत यायला नव्हे, खेळायला मिळतं का?

5. जमीन कुणाच्या नावावर आहे, आणि त्यावर लोकांचा हक्क कागदावर लिहिलेला आहे का?

पाचवा प्रश्न शेवटी ठेवला, पण तोच पहिला आहे. 1797 मध्ये सेंट अँड्र्यूजची जमीन विकली गेली तेव्हा गावकऱ्यांच्या हातात एक जुनी नोंद होती. चराईचा आणि खेळण्याचा हक्क शेजारी शेजारी लिहिलेली. ती नव्हती तर आज तिथे सशांची बिळं असती, नाहीतर कुणाचे बंगले. आपल्या गावच्या मैदानाचा आणि गायरानाचा उतारा शेवटचा कधी काढून बघितला होता, एवढं मात्र आज आठवून बघा.